दोन कुलपांचं घड्याळ

प्रकाशा गावाच्या पलीकडे, तापीकाठच्या एका गावात सरलाबाईंच्या दूध केंद्रावर सकाळचं माप साडेसातला बंद होतं म्हणजे होतंच. साडेसातनंतर तिथला कॉम्प्युटर सकाळची चिठ्ठी काढत नाही, आणि चिठ्ठीशिवाय टेम्पोवाला कॅनला हात लावत नाही.

पूर्वी असं नव्हतं. आधीचे सचिव हिलालआप्पा भिडस्त. कोणी दारातून "आप्पा, दोन मिनिट मांगे करा ना" म्हटलं, की ते कॉम्प्युटरचं घड्याळ मागे ओढायचे. दोन-दोन मिनिटं करता करता टेम्पो निघून जायचा.

सरलाबाई सचिव झाल्या, तेव्हा त्यांनी शहाद्याच्या नवनीत कॉम्प्युटरवाल्याला बोलावून सांगितलं, "घड्याय कोनाच हातमा नको. मन्हा बी नको." नवनीत म्हणाला, वेळ बदलायची परवानगी काढून घेतो, पण त्या परवानगीचा पासवर्ड कोणाकडे तरी हवाच. बाईंना देवळातली दानपेटी आठवली. तिला दोन कुलपं, दोन किल्ल्या दोन घरांत. मग पासवर्डही तसाच झाला. पहिला अर्धा बाईंनी टाकला, दुसरा लोटनभाऊंनी, आणि एकाची बोटं चालू असताना दुसऱ्याने भिंतीकडे तोंड केलं. नवनीतलाही भिंतच बघावी लागली.

लोटनभाऊच का? तर गावात सगळ्यात उशिरा येणारा आणि बाईंशी सगळ्यात जास्त भांडणारा माणूस तोच. बाई म्हणाल्या, "आम्हनं कधी पटाव नही, म्हंजे घड्याय कधी सरकाव नही."

तीन वर्षं ते सरकलं नाही. बाईंना त्याचा गर्व होता आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

मग मे महिन्यातल्या एका सकाळी कॉम्प्युटर सुरू केला, तर तो भलत्याच जुन्या सालातली एक जानेवारी आणि रात्रीचे बारा दाखवू लागला. आतली बॅटरी संपली होती. बाई वेळ बदलायला गेल्या, तर पडद्यावर उत्तर आलं, तुम्हाला परवानगी नाही. बाहेर तीस कॅनची रांग, उन्हाळ्याचं दूध आणि टेम्पो आठला निघणार. लोटनभाऊंना फोन लावला. पण म्हशीखाली बसलेला माणूस फोन कुठला उचलतो?

सात पस्तीसला लोटनभाऊ मोटरसायकलवर डुलत डुलत आले. भांडायच्या तयारीनेच आले होते, तर सगळी रांग बाजूला होऊन त्यांना वाट देऊ लागली. ते घाबरले. "काय झायं? कोन गयं का?"

सगळं कळल्यावर मिशीला पीळ देत ते खुर्चीत बसले. अर्धा बाईंचा, अर्धा त्यांचा, आणि कुलूप उघडलं. बाईंनी तारीख बरोबर केली आणि मोबाइल पाहिला. सात एकेचाळीस. त्यांचा हात थांबला. खरी वेळ लावली, तर सकाळ केव्हाच बंद झाली होती आणि तीस घरांचं दूध परत जाणार होतं. खोटी लावली, तर तीन वर्षांचा नेम गेला.

"सात दहा कर वैनी," लोटनभाऊ म्हणाले. "कोन देखस?"

"मी देखस," बाई म्हणाल्या.

त्या उठल्या, रांगेसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नेम मन्हा शे, नि आज मीच तोडस. कोनी नही म्हनत व्हई, ते आतेच सांगा."

रांगेतून म्हाताऱ्या कमलबाई पुढे आल्या. "मन्हं दूध तू तीनदाव परत धाडं, पोरी. म्हनीसन सांगस, तुन्हावर भरोसा शे. लाव."

बाईंचे डोळे भरून आले. ते पुसून त्यांनी सात दहा लावले आणि भराभर मापं घेतली. शेवटची चिठ्ठी लोटनभाऊंची निघाली, सात एकोणतीसची. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर आल्याचा तो कागद त्यांनी टेम्पोवाल्यालासुद्धा दाखवला.

दुपारी नवनीतने नवी बॅटरी बसवली, आणि दोघांनी आपापला अर्धा टाकून खरी वेळ लावली. मग बाईंनी वहीत लिहिलं, "आज सकाळी सात एकेचाळीसचे सात दहा केले. मी केले." खाली सही केली. न सांगता लोटनभाऊंनी पेन घेतलं आणि त्याखाली आपलीही सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा सात पस्तीसला हजर. "वैनी, कालदिन ते..."

"कालदिन गावनी परवानगी व्हती. आज नही."

लोटनभाऊंनी रांग केव्हाच पांगलेलं अंगण पाहिलं आणि पायरीवर बसकण मारली. "मंग च्या तरी पाज."

बाईंनी स्टोव्ह पेटवला आणि पातेलं त्यांच्यापुढे धरलं. "दूध तुम्हनं टाका."