चर्चबाहेरची म्हातारी

माझ्या मुलीला मराठी वाचता येत नाही. इथल्या इंडियन स्कूलमध्ये तिने इंग्रजी आणि हिंदी घेतलं. म्हणून हे मी वहीत मराठीत लिहिते. शाळा चौथीपर्यंतच झाली माझी, पण एवढं लिहायला तेवढी पुरते.

ती शिकायला प्रागला गेली. निघताना इथे सौदीत, जुबैलच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी तिच्या दंडावर इमाम जामिन बांधला. हिरव्या चिंधीत एक रियालचं नाणं, वर तीन गाठी. माणूस सुखरूप पोचला की पहिल्याच दिवशी ते नाणं आपल्या हाताने गरिबाला द्यायचं. तोवर प्रवास संपला असं आमच्यात धरत नाहीत. लग्नानंतर मी इकडे आले तेव्हा आईने बांधलेला इमाम जामिन मी विमानतळाबाहेर झाडू मारणाऱ्या माणसाला दिला होता. बोलायची लाज वाटली, नुसता हात पुढे केला.

"अम्मी, बाही के नीचे दिखता है," ती म्हणाली.

मी बाही ओढून दिली. "पहिल्या दिवशी दे. विसरू नको."

"हाँ बाबा, हाँ."

विमानतळाला जाताना गाडीत ती बापाशेजारी पुढे बसली, मी मागे बॅगांजवळ.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी आम्ही दोघं भाजीला निघालो. पुढची सीट आता माझी. टिश्यू काढायला दाराच्या कप्प्यात हात घातला आणि चिंधी हाताला लागली. तिन्ही गाठी तशाच होत्या. दंडावरून सरकवून काढली होती. म्हणजे वाटेतच, मी मागे बसलेली असताना.

नवऱ्याने बघितलं. "मीच म्हटलं काढ. तपासणीत उगाच थांबवतात. तुला सांगितलं असतं तर रडत बसली असतीस."

"मग द्यायचं काय तिने?"

"रियाल तिकडे चालतो तरी का? खलास, सोड आता. फोनवर काढू नको, पोरीचा फिरायचा पहिला दिवस आहे."

मी चिंधी मुठीत घेतली. मनात एकच धरलं. आपण विचारायचं. 'राहिलं' म्हणाली, तर नाणं इथेच कुणाला तरी देऊन विषय संपवायचा. तेवढं एक तिच्या तोंडून यायला हवं होतं.

दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. नवऱ्याने फोन धरला, मी त्याच्या खांद्यामागे उभी राहिले. चिंधी मुठीत होती. तिने एक जुनं मोठं घड्याळ दाखवलं. तासाचा ठोका पडला की वरच्या खिडक्या उघडतात आणि बाहुल्या फिरतात. खाली सगळे फोन वर करून उभे. मग दगडी पूल, दोन्ही बाजूंना काळे पडलेले पुतळे. तिच्याबरोबर दोन नव्या मैत्रिणी होत्या.

पुलावर एक माणूस कपाळ जमिनीला टेकून बसला होता.

"नमाज पढतो?" मी विचारलं.

"भीक माँग रहा है, अम्मी. यहाँ ऐसे ही माँगते हैं."

ती थांबली नाही. फोन त्याच्यावरून पुढे सरकला.

"इमाम जामिन दिलास?"

तिने आधी बापाकडे बघितलं. "दिया ना, सुबह ही. चर्च के बाहर एक बुढ़िया थी."

"घे! झालं समाधान?" नवरा म्हणाला.

मला तिथे थांबता आलं असतं.

"काय घातलं होतं तिने?"

"ब्राऊन कोट."

"पायात?"

"अम्मी! जूते. फटे हुए."

"काय म्हणाली?"

"दुआ दी."

"त्यांची भाषा तुला एका दिवसात कळायला लागली?"

मैत्रिणींनी काहीतरी विचारलं. ती इंग्रजीत बोलली आणि तिघी हसल्या. मला इंग्रजी येत नाही, ते हसणं येतं. शाळेच्या पालकसभेत ऐकलेलं.

"चौथी पास बाई पोलीस झाली," नवराही हसला.

मूठ घामाने भिजली होती. मी ती उघडली नाही. "छान केलंस," म्हटलं. "म्हातारीला माझा सलाम सांग."

तेव्हापासून दर शुक्रवारी मी विचारते, म्हातारी कशी आहे. आधी ती हसायची, मग चिडायची, मग सांगायला लागली. म्हातारीला खोकला झाला. म्हातारीने कुत्रा पाळला. ती सांगितलेलं विसरते, मी विसरत नाही. "कोट काळा कसा? ब्राऊन होता ना?" नवरा उठून आत जातो. एकदा म्हणाला, "पुरे कर आता. तुला माहीत आहे ते सांगून टाक तिला."

"तिने सांगावं," मी म्हटलं.

मागच्या शुक्रवारी मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "अम्मी, वो बुढ़िया मर गई."

खरं सांगायला जेवढा वेळ लागला असता, तेवढाच हे सांगायला लागला. तिने बाई मारून टाकली.

"इन्ना लिल्लाही," मी म्हटलं. "तू मयतीला गेली होतीस?"

तिने खालचा ओठ दाताखाली धरला. लहानपणी फुटलेली बशी पाठीमागे लपवून अशीच उभी राहायची. तेव्हा मी तिला जवळ घ्यायचे.

"कुठे पुरलं तिला?"

तिने फोन कापला.

चिंधी स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याखाली आहे. गाठी मी सोडलेल्या नाहीत. उद्या शुक्रवार. कुत्र्याचं पुढे काय झालं, ते विचारायचं राहिलंय.