अकराच्या पुढचं ऊन

कांद्याच्या हंगामाच्या सुरुवातीला ठकूबाईच्या टोळीत चौदा बाया होत्या. चैत्र संपता संपता तेरा उरल्या.

मंचरच्या पूर्वेकडच्या चार-पाच गावांत बावीस वर्षं कांद्याची काढणी तिच्या टोळीवाचून झाली नव्हती. पहाटे पिकअपमध्ये बाया कोंबून ती वावरावर हजर होई आणि बांधावर उभी राहूनच किती दिवसांचं काम आहे ते सांगे. तिचा विळा पातीवर अशा लयीत पडे की शेजारच्या सऱ्यांतले हात आपोआप त्या लयीला लागत. भांडायला ती पुढे, हसवायलाही तीच पुढे. "आमच्या ठकीच्या जिभेला मिरची लावाया नको," असं कुशाबाई म्हणायची, "देवानंच लावून धाडलीय."

ही कुशाबाई बावीस वर्षं तिच्या शेजारच्या सरीला होती. भगवंतच्या वावरात, मंगळवारी दुपारी अडीच वाजता ती कोसळली.

त्या दिवशी भगवंतच्या मोबाइलवर संध्याकाळी अवकाळी पाऊस दाखवत होता आणि अर्ध्या वावरातला कांदा उपटून उघड्यावर पडलेला होता. एरवी बारा वाजता टोळी लिंबाखाली बसे. त्या दिवशी भगवंत म्हणाला, "आक्का, भाकरी उरकत्या घ्या. आभाळ फुटलं तर वर्षाची माती व्हईल." काम उक्तं घेतलेलं होतं, लवकर संपलं तर लवकर घर. ठकूबाईच म्हणाली, "चला गं, दोन तासांचा तर खेळ हाय." अडीचच्या सुमाराला कुशाबाईचा घाम थांबला, अंग तव्यासारखं झालं आणि ती मेलेल्या बहिणीशी बोलू लागली. सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. संध्याकाळी पाऊसही आला नाही.

कागदावर लिहिलं गेलं : हृदयक्रिया बंद पडून मृत्यू.

"हृदय समद्यांचंच बंद पडतं," ठकूबाई दवाखान्याच्या खिडकीपाशी म्हणाली. "कशानं पडलं त्ये लिवा की."

"मावशी, चिरफाड तुम्हीच नको म्हणालात ना? मग मी काय लिहू?" आतला कारकून म्हणाला.

ते खरं होतं. कुशाबाईचा मुलगा नवनाथ हात जोडून नको म्हणाला होता, आणि ठकूबाईने त्याची पाठ थोपटली होती. आता स्वतःच्या त्या हाताचाही तिला राग येत होता. 'दोन तासांचा खेळ' म्हणणाऱ्या जिभेचा तर होताच.

दहाव्या दिवशी नदीकाठच्या घाटावर दशक्रियेला सातलाच गाव जमला. मांडव भगवंतने स्वखर्चाने घातला होता, पुढाऱ्यांच्या खुर्च्यांसमोर कूलरही ठेवला होता. टोळीच्या तेरा बाया पायऱ्यांवर बसल्या. मांडवाची सावली तिथवर पोचत नव्हती. नऊ वाजले तरी मुख्य पाहुण्यांची गाडी आली नव्हती, म्हणून सगळंच अडलं होतं. ती आल्यावर घाईघाईने पिंड मांडला गेला आणि माईकचा ताबा श्रद्धांजलीच्या भाषणांनी घेतला.

ठकूबाई एकाच गोष्टीसाठी आली होती. एवढ्या माणसांत, माईकवर, कुणीतरी म्हणावं की कुशाबाई उन्हाने गेली, आणि यापुढे अकरानंतर कुणी बाईला वावरात ठेवणार नाही. कागदावर लिहिलं गेलं नाही ते निदान गावासमोर बोललं जावं. नाहीतर परवा याच गावात, याच उन्हात, याच तेराजणी.

महाराज म्हणाले, "माणसाचं पाप वाढलं की सूर्यनारायण कोपतो." हायस्कूलचे निवृत्त गुरुजी म्हणाले, "पाप नव्हे, हा हवामानबदल आहे. कारखान्यांचा धूर आणि आपली वृक्षतोड." त्यांनी अंशांचे आकडेही सांगितले. मग पाहुणे उठले. "ऊन काय आज पडाया लागलंय का? आपले आजे-पंजे बिगर चपलेचे नांगर धरायचे. हे हवामानबदलाचं खूळ परदेशी लोकांनी आपला शेतकरी बसवायला काढलंय." टाळ्या पडल्या, दहाव्याला टाळ्या वाजवू नयेत हे आठवून लगेच थांबल्या. गुरुजी पुन्हा उठले. पाहुण्यांच्या एका कार्यकर्त्याने माईक ओढला. पाप, धूर आणि परदेश यांत अर्धा तास गेला. तिघांच्याही बोलण्यात कुशाबाई एकदाच आली, ती 'कष्टाळू माउली' म्हणून.

इकडे पिंडाला कावळा शिवेना.

घाटावर कावळा उतरतच नव्हता. मांडवात कुजबुज सुरू झाली : काहीतरी इच्छा राहिली. रीतीप्रमाणे एकेक जण पिंडापुढे येऊन वचन देऊ लागला. नवनाथ म्हणाला, "आई, बहिणीचं लगीन थाटात लावीन." मामा म्हणाला, "पोरांना अंतर देणार न्हाई." कावळा आला नाही. भगवंत पुढे झाला. "मावशी, तुमच्या पोरीचं शिक्षण माझ्याकडं लागलं." माणसांनी माना डोलावल्या.

ठकूबाई पायऱ्या उतरून खाली आली.

"भगवंतभाऊ, असं सांगा, अकराच्या पुढं बाई वावरात ठेवणार न्हाई."

"आक्का, ही जागा न्हाई त्याची."

"हीच हाय. ती काय लगीन मागत नसंल. आडीच वाजता पडली ती."

"अहो, पण कांदा भिजला तर? मी एकट्यानं बोलून काय व्हतंय? समद्या गावाचा प्रश्न हाय त्यो."

"गाव हितंच हाय की समदा. इचारा."

गुरुजींनी चष्मा पुसला. मागून कुणीतरी हसून म्हणालं, "ठकूबाई, कावळ्याचं काम बी अकराला सुटत आसंल," आणि काही खांदे हलले.

"सुटत न्हाई, त्यो बसलाय झाडात," ती त्या दिशेला वळून म्हणाली. "चोच उघडून बसलाय. त्येला कळतंय, तुमास्नी कळंना."

तेवढ्यात भगवंतने मनगट पाहिलं आणि गुरवाला हाक मारली. "आता दर्भाचा करून शिववा. अकरा वाजले. एवढ्या उन्हात माणसं किती वेळ बसवायची? कुणाला भोवळ आली तर पुन्हा आपल्यावर."

दर्भाचा कावळा झाला, पिंडाला टेकवला गेला, आणि मांडव पाच मिनिटांत रिकामा झाला. गाड्यांच्या काचा वर गेल्या. ठकूबाई तापलेल्या पायरीवर उभी होती. ओरडावं तर ऐकायला कुणी उरलं नव्हतं. तिने ते वाक्य मात्र शब्दन् शब्द पदराला बांधल्यासारखं जपून घरी नेलं.

दोन दिवसांनी भगवंतच्या उरलेल्या वावरात टोळी उतरली. उक्तं नाही, रोजाने, एवढं ठकूबाईने आधीच ठरवून घेतलं होतं. साडेपाचला विळे चालू झाले. दहानंतर माती तापली, कांद्याची सालं बोटांखाली कुरकुरू लागली. शेजारची सरी मोकळी होती. तिथे कुणी बसलं नव्हतं. अकरा वाजता ठकूबाईने विळा फडक्यात गुंडाळला आणि ती उभी राहिली.

भगवंत बांधावरून धावत आला. "आक्का, काय हे? चार सऱ्या तर राहिल्यात. कांदा आजच साठवणीला बराखीत जायाला पायजे."

"अकरा वाजले. एवढ्या उन्हात माणसं किती वेळ बसवायची?"

त्याला ते वाक्य ओळखू यायला क्षणभर लागला. मग त्याचा चेहरा लाल झाला. "टोमणं नका मारू. अर्धाच रोज मिळंल. उद्या दुसरी टोळी आणीन, मग बसा घरी."

बायांचे हात थांबले होते. अर्धा रोज म्हणजे काय हे त्यांना ठकूबाईने सांगायला नको होतं. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. जिने तिने आपलं ठरवावं, दोन तासांचा खेळ म्हणून पुन्हा कुणाला रेटायचं नाही, हे तिने ठरवलं होतं. आधी एक उठली, मग तिघी, मग बाकीच्या. दोघी मात्र खाली मान घालून तशाच बसून राहिल्या. एकीचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता, दुसरीची सासू. ठकूबाईने आपली पाण्याची कळशी उचलली आणि त्या दोघींच्या मधोमध, पातीच्या ढिगाच्या तोकड्या सावलीत नेऊन ठेवली.

मग ती भगवंतकडे वळली.

"आणा की दुसरी टोळी. फकस्त त्येंच्यातली बाई पडली, तर तिच्या दहाव्याला मांडव पायऱ्यांपोतर घाला. बाया उन्हात बसत्यात."