रेवाची पांढरी गिटार

अमेरिकेतल्या लनोर गावच्या फर्निचर कारखान्यात नेल्डा टीग एकतीस वर्षं पॉलिशखात्यात होती. लॅकरचा, लाकडावर चढवायच्या त्या चकचकीत लेपाचा, वास नाकात इतका मुरला होता, की कारखाना बंद पडल्यावर पहिला महिनाभर तिला स्वतःच्याच घरात परक्यासारखं वाटे. हात मात्र शाबूत होते. गावात कुणाच्या आजीचं कपाट डागाळलं की ते नेल्डाच्या गॅरेजमध्येच यायचं.

तिची धाकटी बहीण रेवा गायची आणि गिटारही वाजवायची. लहानपणी डॅडी कामावरून आले की इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घ्यायचे आणि हाक मारायचे ती रेवालाच. नेल्डा तेव्हा स्वयंपाकघरात आईला बिस्किटं लाटू लागायची. पुढे डॅडी अंथरुणाला खिळले, तेव्हा चार वर्षं त्यांना उठवणं-बसवणं, सकाळी लिव्हरमशचे, डुकराच्या काळजाच्या वडीचे, काप तळून भरवणं, सगळं नेल्डानेच केलं. रेवा रविवारी चर्चमधून यायची, दोन गाणी म्हणायची, आणि डॅडींचा चेहरा असा उजळायचा की नेल्डा कपबशा आवरायच्या निमित्ताने उठून जायची. मरताना डॅडी म्हणाले, "गिटार वाजवणाऱ्याकडे जावी." गिटार रेवाकडे गेली.  तो सल नेल्डाच्या आत घर करून राहिला.

दोन वर्षांनी जूनमध्ये रेवा तीच गिटार घेऊन गॅरेजच्या दारात उभी राहिली. लाल रंगाचे टवके उडाले होते. डॅडींच्या पट्ट्याचं बकल घासून मागे भलामोठा चट्टा पडला होता.

"एवढं करून दे गं. ऑगस्टमध्ये चर्चचा मेळा आहे, बाहेरगावी गेलेले सगळे येणार. ही घेऊन उभं राहायची लाज वाटते."

"कोणता रंग?"

"पांढरा. शेवटच्या बाकावरून दिसला पाहिजे."

"लाकूड सगळं झाकलं जाईल."

"जाऊ दे की. लाकूड बघायला कोण येतंय?" रेवा हसली. "आणि तुझ्यासारखे हात आहेत कुणाचे गावात?"

हात, नेल्डाच्या मनात आलं. माझ्या वाट्याला हात.

तिने गिटारची मान सोडवली, तारा आणि खुंट्या डब्यात ठेवल्या आणि उरलेल्या धडावर गरम हवेचा झोत धरला. लाल रंग सायीसारखा फुगला, पट्टीने सोलला गेला. खालून लाकूड निघालं. ॲशच्या झाडाचं, अखंड, सांधा नसलेलं. तिने पॉलिशपेपर मारला आणि थिनरचा बोळा फिरवला. लाकूड ओलं असेपर्यंत, पॉलिश केल्यावर ते कसं दिसेल ते कळतं. रेघा एका कडेला दाट होत्या, मध्ये पसरत गेल्या होत्या आणि दुसऱ्या कडेला ओढ्याच्या पाण्यासारख्या वळल्या होत्या. कारखान्यात असा तुकडा आला की मुकादम तो आधी बाजूला काढून ठेवायचा.

थिनर उडून गेलं. तिने परत बोळा फिरवला.

नुसतं तेल चोळलं तर लाकूड हाताला लागेल, पण घामाचे डाग पडतील. पॉलियुरेथेन दगडासारखं टिकेल, पण थर जाड, लाकूड काचेआडून बघितल्यासारखं. बिनरंगी लॅकरचे पातळ हात द्यावेत, दर हातानंतर घासावं. वर्षं जातील तशी त्याला मधाची झाक येईल. याला हेच हवं, यात तिला तीळभर शंका नव्हती. असं काम एकतीस वर्षांत तिच्या हाताखाली आलं नव्हतं.

मग तिला ती गिटार रेवाच्या खांद्यावर दिसली. वर तिचा तो आवाज. जेवणाच्या टेबलांपाशी बायका म्हणताहेत, किती सुंदर गं रेवा तुझी गिटार. नेल्डाने हातातला बोळा बाकावर टाकून दिला.

त्याच आठवड्यात रेवाचा फोन आला. "लाकूड कसं निघालं गं? डॅडी म्हणायचे चांगलं आहे."

"साधंच आहे," नेल्डा म्हणाली. "गाठी आहेत. पांढराच बरा."

खोटं इतकं सहज निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. नवरा आर्व्हिल तिथेच कॉफी पीत बसला होता. त्याने ते लाकूड पाहिलं होतं. तो म्हणाला, "गाठ दिसली नाही मला कुठे."

"तिने पांढरा मागितलाय ना?"

"मागितलाय."

"मग पांढरा देतेय."

खोटं बोलणं जमलं, खोटं काम जमेना. तिने लाकडाची छिद्रं भरली, अस्तर दिलं. दमट हवेत लॅकर दुधाळतं म्हणून आठ दिवस कोरड्या सकाळची वाट पाहिली. पांढरे हात दिले, वर चकाकीसाठी बिनरंगी लॅकरचे दिले, तीन आठवडे सुकवून घासून आरसा केला. त्या रेघा आता जगात तिला आणि आर्व्हिललाच ठाऊक होत्या.

मेळ्यात रेवा गायली आणि गाणं संपल्यावर म्हणाली, "ही गिटार माझ्या बहिणीने केलीय." सगळ्यांनी मागे वळून टाळ्या वाजवल्या. नेल्डाला त्या पचल्या नाहीत. नंतर कारखान्यातला म्हातारा कॉय ब्लँटन गिटारवर तळवा फिरवत म्हणाला, "खाली काय आहे?"

"ॲश."

"चांगला तुकडा?"

"बरा होता," असं म्हणून ती बटाट्याच्या सॅलडकडे वळली.

त्यानंतर नऊ वर्षं गेली. आर्व्हिल गेला. रेवाची बोटं संधिवाताने आखडली, वाजवणं सुटलं. एका दुपारी दोघी नेल्डाच्या ओसरीवर शेंगा सोलत बसल्या असताना नेल्डा म्हणाली, "ते लाकूड साधं नव्हतं, रेवा."

"कोणतं लाकूड?"

नेल्डाने सगळं सांगितलं. फोनवरचं खोटंही. रेवाचे हात थांबले नाहीत.

"का केलंस असं?"

"तुझ्याकडे आवाज होता. डॅडी होते. त्यात ते लाकूडही तुझंच. मला बघवेना."

रेवाने पुढची शेंग उचलली. "तू खरं सांगितलं असतंस तरी मी पांढरीच घेतली असती गं. पांढरी छान दिसायची लांबून."

रेवाने रागवायला हवं होतं. नऊ वर्षं उराशी धरलेलं पाप, आणि समोरच्याला ओरखडासुद्धा नाही. नेल्डाला आता रेवाच्या त्या बेफिकिरीचाही हेवा वाटला.

"तुला हवीय का ती?" रेवाने विचारलं. "ने. मला आता काय करायचीय?"

नको म्हणावं असं नेल्डाच्या जिभेवर आलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी ती गिटार घेऊन आली. पांढरा रंग थिनरने सोडवला, लाकडाला बिनरंगी लॅकरचे चौदा पातळ हात दिले आणि गिटार बैठकीच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर टांगली.

येणारा-जाणारा बघतो आणि विचारतो, "रेवाची ना ही?"

"हो," नेल्डा म्हणते. मग तो विचारो न विचारो, त्याला खिडकीजवळ उभं करते आणि त्या रेघा कुठून निघून कुठे वळतात ते बोटाने दाखवते.