हंसपद

“वाच मास्तर, पण गाळू नको.”

ओलं प्रूफ माझ्या टेबलावर ठेवताना तात्या रोज एवढंच म्हणायचे. मग वळून आपल्या खणाखणांच्या टाइप-केसपाशी जायचे, डावा पाय एका उपड्या लाकडी खोक्यावर ठेवायचे आणि अक्षरांचे शिशाचे खिळे उचलायला लागायचे. गिरगावातल्या आमच्या छापखान्यात ते खिळे जुळवणारे जुळारी होते आणि मी प्रूफं तपासणारा. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. “दुसऱ्यांची नावं जुळवण्यात जन्म गेला, आपलं एकदाही जुळवलं नाही,” असं ते अभिमानाने सांगत. तो अभिमान मी मोडणार नाही. त्यांचं दुसरं पुष्कळ काही मी मोडलेलं आहे.

गळालेला मजकूर दाखवायला ओळीखाली एक छोटी टोकदार खूण करतात. शाळेच्या वहीत तुम्हीही केली असेल. तिला हंसपद म्हणतात. खूण ओळीत करायची आणि सुटलेले शब्द समासात लिहायचे. तात्यांच्या प्रूफावर अकरा वर्षांत मला हंसपद करावं लागलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुके, कधी अनुस्वार पडे, पण शब्द गळत नसे. मूळ कागद हातात आला की ते आधी ओळी मोजत, मग कामाला लागत. इंग्रजी त्यांना कळत नसे, तरी इंग्रजी लग्नपत्रिका ते बिनचूक जुळवत. “कळायला कशाला पाहिजे? अक्षर दिसतं ना?” आणि एकदा कानावर पडलेलं वाक्य त्यांच्या डोक्यातून जात नसे. सभेहून आले की वक्त्याचं भाषण कागदाशिवाय जुळवून दाखवायचे.

रागीट माणूस. मालकावर राग, सरकारवर राग, मुंबई वेगळी ठेवू म्हणणाऱ्यांवर तर इतका की त्यांची नावं जुळवताना खिळे आपटायचे. त्यात पाय दुखायला लागला. कमरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून अंगठ्यापर्यंत जायची. बसलं की जास्त. लालबागहून ट्रामने येताना कोणी उठून जागा दिली की तात्या खेकसत, “बसलो की मरतो मी. तू बस.” तो बिचारा भला माणूस पुढच्या थांब्याला उतरून जायचा.

शेवटी मी त्यांना परळच्या एका इस्पितळात घेऊन गेलो. डॉक्टरांनी त्यांना आडवं करून पाय सरळ वर उचलला, तेव्हा तात्यांनी दिलेली शिवी मी कोणत्याही प्रूफात पाहिलेली नाही. मणक्यातली गादी सरकली आहे आणि ती पायाच्या शिरेवर दाबते आहे, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन करावं असं त्यांचं मत होतं. विचार करून या, म्हणून त्यांनी इंग्रजीत एक चिठ्ठी लिहून दिली.

पायऱ्या उतरताना तात्या कठड्याला धरून थांबले. “ज्यांची गादी सरकायला पाहिजे त्यांची सरकत नाही, मास्तर. माझी सरकली.”

आम्ही दोघंही हसलो. ते शेवटचं.

भोईवाड्याच्या एका हॉटेलात मी बसलो, ते टेबलाला टेकून उभे राहिले. “वाच,” म्हणाले. मी चिठ्ठी मराठीत सांगू लागलो. “गादी सरकली आहे. शीर दाबली गेली आहे. पूर्ण विश्रांती घ्यावी. जड उचलू नये. दुखणं न थांबल्यास ऑपरेशन करावे. निर्णय रोग्याने घ्यावा.”

तिथे मी थांबलो. खाली आणखी एक ओळ होती. पाऊल उचलण्याची ताकद कमी होऊ लागल्यास एक दिवसही न थांबता आणावे, उशिराने पाऊल परत येत नाही.

ती मी गाळली. त्यांना घाबरवू नये म्हणून गाळली, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा तोंडावर आला होता. पत्रकांचे गठ्ठे आमच्याकडेच छापायचे होते. दुसरा जुळारी सत्याग्रहात पकडला जाऊन तुरुंगात बसला होता. ही ओळ वाचली तर तात्या आजच भरती होतील, हा विचार माझ्या मनात आला आणि मी कागदाची घडी घातली. महाराष्ट्रासाठी, असंही मनात म्हणालो. याची मला आजही सगळ्यात जास्त चीड येते.

“झालं?” तात्यांनी विचारलं.

“झालं.”

त्यांनी माझ्या हातून कागद घेतला, उलगडला, त्यावरून नजर फिरवली. मग माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि चिठ्ठी खिशात ठेवली.

तात्यांच्या चाळीत सगळ्यांनी मतं दिली. कोणी भायखळ्याचा हाडवैद्य सुचवला, कोणी गरम वाळूचा शेक. एकाच्या गाववाल्याने मणक्याला सुरी लावून घेतली होती, तो म्हणे कायमचा अंथरुणाला खिळला. “गिरणीची पाळी सुटली की या चाळीत तीस डॉक्टर जिना चढतात,” तात्या ओरडायचे. पण ऑपरेशनचं विचारलं की एकच उत्तर. “नाही करायचं.” का, ते सांगायचे नाहीत.

एकदा मी तात्यांच्या घरी गेलो असताना वहिनी चुलीपुढून उठून बाहेर आल्या. “तुमी तरी ह्यांका सांगा, मास्तर. रात्रंदिस कण्हतत. माजा कोण ऐकता?”

मी म्हणालो, “मोर्चा होऊ दे वहिनी, मग बघू.”

तात्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

काही दिवसांनी छापखान्याच्या जिन्यावर एक नवा आवाज येऊ लागला. उजवं पाऊल नेहमीसारखं पडायचं आणि डावं फटकन आपटायचं. टाच टेकायच्या आधी पुढचा भाग खाली पडत होता. टेबलाशी बसून मी तो आवाज ऐकायचो. बाकी कोणाला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. मला होता. सातवी ओळ रोज सकाळी जिना चढून वर येत होती आणि मी मान खाली घालून ऱ्हस्व-दीर्घ तपासत होतो.

मोर्चाला दोन दिवस राहिले असताना तात्या एकाच पायात चप्पल घालून आले. डाव्या पायातली वाटेत कुठे गळून पडली, त्यांना कळलंच नव्हतं. छपाईयंत्रावरचा माणूस हसला, “तात्या, दुसरी काय सरकारजमा केलीत?” तात्यांनी खाली आपल्या धुळीने माखलेल्या पावलाकडे पाहिलं. खिळे जुळवायची स्टिक उचलली, खोक्यावर पाय ठेवायला गेले, तो नीट उचलेना. हाताने पोटरी धरून त्यांनी तो वर ठेवला.

मी उठलो. “तात्या, आत्ताच्या आत्ता इस्पितळात चला.”

“कशाला?”

“चिठ्ठीत होतं. मी वाचलं नाही.”

“सातवी ओळ,” तात्या म्हणाले.

“तुम्हाला माहीत होतं?”

“मोजता येतं मला. सात होत्या, तू सहा वाचल्यास.”

“मग विचारलं का नाही?”

“मला वाटलं, ऑपरेशनच्या टेबलावरून जिवंत उठणार नाही असं लिहिलंय. तुझ्या तोंडून निघालं नाही. माणूस दया करतोय, म्हटलं, करू दे. म्हणून तर नाही म्हणालो ऑपरेशनला.” त्यांनी मान वर केली. “काय होतं तिच्यात?”

मी ओळ सांगितली. का गाळली तेही सांगितलं. तेव्हा तरी काही गाळलं नाही.

तात्यांच्या हातात पत्रकाच्या मथळ्याने भरलेली स्टिक होती. त्यांनी ती शांतपणे उलटी केली. खिळे फरशीवर सांडले, यंत्राखाली घरंगळत गेले. ज्या माणसाच्या हातून अकरा वर्षांत एक खिळा खाली पडला नव्हता, त्याने ते केलं.

“पत्रकासाठी?” ते म्हणाले. “अरे, मला विचारायचंस. मी उभा राहिलो असतो. पाय गेला असता तरी उभा राहिलो असतो या केसपाशी. पण ठरवलं मी असतं. पाय माझा होता, मास्तर. तू कोण?”

मी त्यांच्या दंडाला हात लावायला गेलो. त्यांनी तो झटकला. छपाईयंत्रावरचा माणूस त्यांना खांदा देऊन खाली घेऊन गेला. जिन्यावर तो आवाज शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू येत होता.

ऑपरेशन झालं. ते जिवंत उठले, अंथरुणाला वगैरे काही खिळले नाहीत. कळ पूर्ण गेली. पाऊल परत आलं नाही. आणखी आधी आणायला हवं होतं, एवढंच डॉक्टर म्हणाले.

पट्टीने बांधलेला बूट घालून तात्या पुन्हा केसपाशी उभे राहिले. हात तेवढाच जलद होता. प्रूफही स्वतःच आणून ठेवायचे, पण आता काही न बोलता. त्या वाक्याची मी रोज वाट पाहायचो. तुमच्याशी कोणी रोज भांडावं असं तुम्हाला कधी वाटलं आहे का? मला वाटायचं. महाराष्ट्र झाला, लालबाग-परळ दिव्यांनी उजळलं, छापखान्यात पेढे वाटले गेले. तात्यांनी पेढा घेतला आणि माझ्याकडे न बघता खाल्ला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते नोकरी सोडून वहिनींसह कोकणात गेले. जाणार हे मालकांना ठाऊक होतं, मला नव्हतं. सकाळी आलो तर टेबलावर एक प्रूफ होतं. बारीक टायपात, स्वच्छ, एकही चूक नसलेलं. “गादी सरकली आहे. शीर दाबली गेली आहे.” भोईवाड्याच्या हॉटेलात मी उच्चारलेल्या सहा ओळी, शब्दाला शब्द. सहाव्या ओळीच्या शेवटी पेन्सिलीने हंसपद केलेलं. जुळारी प्रूफावर कधी खूण करत नाही, ते काम माझं. शेजारचा समास कोरा होता.

मी पेन्सिल घेतली आणि सातवी ओळ समासात लिहिली. लिहून झाल्यावर दुरुस्तीला द्यायला म्हणून, सवयीने, प्रूफ उचलून केसकडे वळलो. खोकं तिथेच उपडं पडलेलं होतं.