आत्याची केसाळ गोगलगाय

आमच्या आत्याला घाण म्हणून खपत नाही. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती मदतनीस. बरण्या अशा लख्ख धुते की मध्ये काच आहे की नाही असा प्रश्न पडावा. मी त्याच कॉलेजच्या ऑफिसात कारकून, त्यामुळे तिची बोलणी घरीही खातो आणि कामावरही.

कॉलेजमागच्या रानात, कुजक्या ओंडक्यांखाली तिला एक गोगलगाय सापडली. वाटाण्याएवढी, तपकिरी, शंखाला साडेपाच वेढे.

"ही कुठल्याच यादीत नाही," ती म्हणाली.

गोगलगायींचे जाणकार प्रोफेसर दुसऱ्या शहरात होते. त्यांना तिनं तिथलेच वेचलेले बारा रिकामे शंख पाठवले, दात घासायच्या ब्रशनं घासून, चकचकीत करून. उत्तर आलं : नेहमीचीच जात, नवीन काही नाही. स्टाफरूममध्ये हसं झालं. आत्या दोन दिवस धड जेवली नाही, आणि मला त्या हसणाऱ्यांचा असा राग आला की विचारू नका.

तिसऱ्या दिवशी तिनं जिवंत गोगलगाय भिंगाखाली धरली आणि मला हाक मारली. "अरे, हिला केस आहेत!"

खरंच होते. शंखभर बारीक, वाकडे केस, त्यांत माती अडकलेली. नेहमीच्या जातीचा शंख असतो गुळगुळीत. हिची ओळखच त्या केसांत होती आणि आत्यानं ती घासून टाकली होती. आपल्याच हातानं पायावर धोंडा!

"आता गं?"

"आता काय? धुवायचं नाही."

हे वाक्य तिच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. कुणाला न सांगता तिनं मातीसकट शंख पुन्हा पाठवले. गोगलगाय नि पोटात पाय!

या वेळी प्रोफेसर स्वतःच आले. बराच वेळ भिंगातून बघत राहिले. अख्खा विभाग भोवती जमलेला, आत्या फडकं घेऊन दाराशी. मग ते स्टुलावरून उठले.

"बाई, इकडे या, बसा. मला जे दिसलं नाही ते तुम्हाला दिसलं. या जातीचं वर्णन तुम्ही लिहायचं, मी तपासून देईन. आणि नावही तुमचंच पहिलं."

बावीस वर्षं आत्यानं ते स्टूल नुसतं पुसलं होतं. त्या दिवशी ती त्यावर बसली, कागद पुढे ओढला आणि विभागप्रमुखांना म्हणाली, "सर, जरा उजेड सोडा."