लाँड्रीवाल्याची दिरंगाई

आमच्या लॉजसमोर लाँड्री आहे. तिच्या मालकाला सगळं गाव ‘घड्याळ’ म्हणतं. सहाला देतो म्हणाला की सहाला कपडे तयार, आणि घडी अशी की मोडायला जीव होऊ नये. आमच्या खोल्यांच्या चादरी त्याच्याकडेच जातात. त्याने मला कधी ताटकळत ठेवलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच मी कधी त्याच्याकडे बसलो नाही. गठ्ठा दिला, गठ्ठा घेतला, चालू पडलो. सगळ्यांचं तेच. त्याची बायको, आमच्या वहिनी, होत्या तेव्हा त्या पुढे बसून आल्यागेल्याची विचारपूस करायच्या, हा मागे मुकाट इस्त्री फिरवायचा. त्या गेल्या, लेक लग्न होऊन लांब राहिली. माणूस अगदी एकटा पडला होता आणि आमच्या कुणाच्या ते गावीही नव्हतं.

त्यात आमच्या लॉजवर एक जोडपं आलं. पाठीवर ही थोरली ओझी, लग्नाला वर्षही झालं नसेल. नदी बघायला म्हणून एका रात्रीपुरते उतरले आणि इथेच रमले. उशिरा उठायचं, नदीच्या पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय सोडायचे, दुपारी तोंडावर पुस्तक ठेवून झोपायचं. झोपाच काढायच्या तर घर काय वाईट होतं? पण पोरं गोड होती. उगाच कशाला खोटं बोलू!

त्यांनी जवळजवळ सगळेच कपडे लाँड्रीत टाकले. पाठीवर मावतील तेवढेच तर आणलेले. नेमकं त्या दिवशी आभाळ भरून आलं, कपडे वाळेनात आणि घड्याळ पहिल्यांदा मागे पडलं. तो बिचारा शरमला. बाकडं पुढे ओढून म्हणाला, बसा जरा. दोघं बसली ती दिवेलागणीपर्यंत. मुलीने वहिनींबद्दल विचारलं, पूर आला की दुकानाचं काय करता ते विचारलं, आपल्या विसराळू वडिलांचे किस्से सांगितले. मी खिडकीतून बघत होतो. घड्याळ खो खो हसत होता. वहिनी गेल्यापासून मी त्याला हसताना बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने “उद्या या” म्हणून सांगितलं. पुढेही रोज तेच. दोघं संध्याकाळी यायची, गप्पा मारायची, पण पोरगा मधूनच फळ्यांकडे नजर टाकायला लागला होता. एकदा मी चादरी आणायला गेलो, तर वरच्या फळीवर त्यांचे कपडे इस्त्री करून, कागदात बांधून तयार. माझं डोकंच फिरलं. माझ्या गिऱ्हाइकांना का छळतोस, आजच्या आज देऊन टाक, असं मी त्याला झाडलं.

“दिले की जातील,” तो म्हणाला.

माझा सगळा आवेश ओसरला. मी चादरी उचलल्या आणि आलो.

मग एका सकाळी दोघं जिना उतरून आली. अंगात बाजारातले नवे कपडे, पाठीवर ओझी. बोट सुटायची वेळ झाली होती. मुलीने किल्ली माझ्या हातात ठेवली. “समोरच्या काकांना सांगा, आमचे कपडे कुणाला तरी देऊन टाका,” ती म्हणाली. “माणूस चांगला आहे हो, पण त्यांच्या शब्दाचा काही भरवसा नाही.” घड्याळाच्या शब्दाचा! मी तिला थांबवून खरं सांगावं म्हणून तोंड उघडलं, तोवर दोघं धक्क्याच्या वळणाला लागली होती.

समोर गेलो तर तो बाकडं पुसत होता. पोरं गेली, म्हणून सांगितलं. त्याने फडक्याची घडी घातली. कपडे कुणाला तरी देऊन टाक म्हणालेत, एवढंच मी सांगितलं. बाकीचं गिळलं.

“मला काही म्हणाली का पोरगी?”

“माणूस चांगला आहे म्हणाली.”

त्याने मान हलवली. मग स्टूल घेतलं, वर चढून तो गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला. दोरी सोडली नाही. नुसता हात ठेवून बसला.

“दिले असते,” तो म्हणाला, “तर जाताना निदान हात तरी केला असता त्यांनी.”