शनिवारची पत्रं

आमच्या वसतिगृहात एक शनिवार आड घरी पत्र लिहायचं असे. दुपारची जेवणं झाली की मोठी सिस्टर प्रत्येकीला एक अंतर्देशीय पत्र देई. तासाभराने ते न चिकटवता परत करायचं. ती ते वाचे, चिकटवी, जावक वहीत तारीख, मुलीचं नाव आणि गाव लिही, आणि मग ते टपालात जाई. तुम्ही मुलांनी परवा फोनवर विचारलंत की दुसऱ्याचं पत्र वाचणं हा गुन्हा नव्हता का. आम्हाला तो गुन्हाच वाटे. सिस्टरला ते आपलं काम वाटत असावं.

आता क्रमाने सांगते.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. आमचं गाव इंदापूरजवळ. सातवीनंतर पुढे शिकायचं तर मुलग्यांच्या शाळेत बसावं लागणार होतं, आणि माझे थोरले चुलते, तात्या, त्याला कबूल नव्हते. माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, काहीही करून मला मॅट्रिकपर्यंत न्यायचं होतं. बारामतीला गावाबाहेर, कालव्याच्या पलीकडे, मिशनची मुलींची शाळा होती. ती सुरू झाली एका जुन्या गुळाच्या वखारीत. मी गेले तोवर चार नवे वर्ग आणि एक लहानसं प्रार्थनामंदिर झालं होतं, पण आठवी वखारीतच भरे. उन्हाळ्यात भिंतींना मुंग्या लागत आणि बाई आधी फळ्यावरच्या मुंग्या झटकत, मग तारीख लिहीत.

गावातले लोक सिस्टरांना रस्त्यात वाकून नमस्कार करत आणि त्यांची पाठ वळली की सांगत, शाळेच्या विहिरीत पाव टाकलाय, तिथलं पाणी प्यालेली पोरगी बाटली. शाळेत निम्म्याहून जास्त मुली हिंदूच होत्या. त्या पाणी पीत आणि घरी सांगत नसत.

तात्यांनी मला एका अटीवर जाऊ दिलं. "ज्या दिशी पोरगी त्यांच्या देवापुढं बसली असं कळंल, त्या दिशी तिची ट्रंक घरी." आमच्या घरी पत्र वाचण्याचं काम तात्यांचंच. आबांना सहीपुरतं लिहिता येई, आईला तेवढंही नाही. तात्या ओसरीवर बसून मोठ्याने वाचत आणि शेजारचे दोघे-तिघे ऐकायला येत.

पहिल्या पत्रात मी भोळेपणाने लिहिलं की संध्याकाळी आम्ही सगळ्या प्रार्थनेला बसतो आणि गाणं फार गोड असतं. सिस्टरला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. आठ दिवसांनी तात्यांच्या अक्षरात उत्तर आलं: प्रार्थनेस बसू नये. पुन्हा बसल्याचे समजल्यास शाळा बंद.

त्यानंतर मी शहाणी झाले. पुढची सगळी पत्रं एका साच्यातली. मी खुशाल आहे. जेवण चांगले आहे. अभ्यास चालू आहे. पण त्यांतल्या एकाचंही उत्तर येईना. श्रावण गेला, गणपती गेले. इतर मुलींना उत्तरं येत होती. मी सिस्टरच्या हातांकडे बघू लागले. पत्र चिकटवल्यावर ती ते कुठल्या खणात ठेवते, टपाल न्यायला कोण येतं, माझ्या पत्राला तिला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो का. लागतो, असं मी ठरवून टाकलं.

माझ्या बाकावरची मुलगी गावातून रोज ये-जा करायची. तिला मी एक पोस्टाचं पाकीट आणायला सांगितलं आणि आत आईला लिहिलं: सिस्टर माझी पत्रं अडवते, मला घेऊन चला. खरं तर मला जायचं नव्हतं. तेवढं वाचून तरी घरून कुणी उत्तर पाठवील, असा माझा हिशेब. ती म्हणाली, पेटीत टाकलं. त्याचंही उत्तर आलं नाही. मग मी समजले की हिने ते सिस्टरलाच नेऊन दिलं. तिला मी काही विचारलं नाही, फक्त तिच्याशी बोलणं बंद केलं.

दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस असताना आबा आणि तात्या शाळेत आले. मला सिस्टरच्या खोलीत बोलावलं. तात्या खुर्चीवर बसलेच नाहीत.

"चार म्हैने झालं, पोरीचं एक पत्र न्हाय," ते सिस्टरला म्हणत होते. "पयलं आलं तेवढंच. तुमी लिवू देत न्हाय का पाठवत न्हाय, ते सांगा."

सिस्टर परदेशातून आलेली, पण मराठी पुस्तकातून शिकलेली. "महाशय, आपल्या कन्येने आठ पत्रे लिहिली आहेत," ती म्हणाली आणि तिने जावक वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली.

तात्यांनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. "वहीत काय, आमी बी लिवतो. सोसायटीच्या वहीत माझी म्हस दोनदा मेलीया."

"आपल्या घरी टपाल कोण घेते?"

"आमची मंडळी घेती," आबा म्हणाले. "तिला इचारलं. न्हाय म्हनली. ती कशाला खोटं बोलंल?" मग माझ्याकडे वळून, "लिवलीस का गं?"

"लिहिली."

"शिकिवलंय तिला," तात्या म्हणाले. "ट्रंक भर."

आबा दाराकडे वळले. मी ट्रंक भरली. ती मुलगी वर्गाच्या दारात उभी होती, मी तिच्याकडे न बघता गेले. एसटीत इंदापूर येईपर्यंत मी दोघांच्या मधे बसले होते.

आई दारात आली. तिने आधी ट्रंक पाहिली, मग मला. ती आत गेली आणि कुरडयांचा डबा घेऊन आली. तात्या तिचे थोरले दीर, त्यांच्यासमोर ती कधी बोलत नसे. आताही पदर पुढे ओढून, भिंतीकडे तोंड करून ती आबांना म्हणाली, "अवं, ही घ्या. समदी हायत."

कुरडयांच्या खालून सात अंतर्देशीय पत्रं आणि एक पाकीट निघालं. एकही फोडलेलं नव्हतं.

"पयल्या पत्रापायी चार दिस घरात चूल धड पेटली न्हाय," ती म्हणाली. "म्हनलं, पुन्यांदा काय निघालं तर पोरीची शाळा जाईल. वाचलंच न्हाय तर निघंल कसं? मग तुमी पत्र न्हाय पत्र न्हाय करून पेटलासा, तवा सांगायचं बी भ्या वाटाय लागलं."

तात्या ओसरीवर बसले आणि त्यांनी चष्मा लावला. एकेक पत्र फोडून मोठ्याने वाचलं. मी खुशाल आहे. जेवण चांगले आहे. चौथ्या पत्राला ऐकायला आलेले शेजारी उठून गेले. "ह्यात प्रार्थना कुठं न्हाय," तात्या म्हणाले, जरा नाराजीनेच. मग त्यांनी पाकीट उचललं. ते वाचलं गेलं की शाळा संपली, एवढं मला कळत होतं.

वाचून झाल्यावर त्यांनी कागद आबांपुढे धरला. "बघ. पोरगी सोता लिवतीया. सिस्टर पत्रं अडवती."

आबांनी कागदाकडे पाहिलं, मग ओसरीवर पसरलेल्या पत्रांकडे. "तात्या, पत्रं अडवत्यात म्हनती, आन पत्रं तर हितं पडल्याती. मंग अडवली कुनी?"

आई आत भाकरी थापायला लागली.

"आन ती प्रार्थना?" तात्यांनी शेवटचं विचारलं.

"बसावं लागतं," मी म्हणाले. "मी मनात रामरक्षा म्हणते." पहिले आठ दिवस म्हटली होती, पुढे गाण्याच्या नादात राहून जाई. तात्यांना ते पटलं नाही, पण खोडता येईना.

दिवाळीनंतर आबांनी मला परत नेऊन सोडलं. बाकावरच्या मुलीची मी क्षमा मागितली. ती "असू दे" म्हणाली आणि दुसऱ्या बाकावर बसू लागली. वाद मिटावा म्हणून घरी ठरलं होतं की महिन्यातून एकदा बाजारच्या दिवशी आईनेच येऊन मला डोळ्यांनी बघून जायचं. मी मॅट्रिक होईपर्यंत ती येत राहिली. आली की आधी माझ्या गळ्यात काही दोरा बांधलाय का ते चाचपी, केसांचा वास घेई, हातातला डबा देई. शाळेचं पाणी तिने एकदाही घेतलं नाही. सिस्टर तिला आदराने बसवी आणि डबा मात्र उघडून बघे.

पहिल्या भेटीला सिस्टरने भेटीची वही पुढे करून शाईची डबी उघडली. आईने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"अंगठा नगं," ती मला म्हणाली. "कागदावर ठेवलं की कुनीतरी वाचतंय. तिला म्हनावं, मी आले हुते ते तिनं बघितलंय न्हवं?"

मी ते सिस्टरला जमेल तसं सांगितलं. तिने डबीला झाकण लावलं.